एनडी फिल्टर मागवण्यापूर्वी: स्टॉपचा हिशेब

एनडी फिल्टर म्हणजे लेन्सपुढे लावायची, रंग न बदलता प्रकाश कमी करणारी करडी काच. तिची मागणी बहुधा एका ओळीत येते: ‘सहा नंबरचा एनडी पाठवा.’ त्यावर आम्ही उलट चार प्रश्न विचारतो आणि काही ग्राहकांना तो वेळकाढूपणा वाटतो. हे प्रश्न का विचारावे लागतात, ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे म्हणून हे पत्रक काढले आहे. आमच्याकडे बदलून मागण्यासाठी परत येणाऱ्या फिल्टरांमध्ये सदोष काचेचा फिल्टर क्वचितच असतो. बहुतेक फिल्टर चांगलेच असतात, फक्त मागवणाऱ्याच्या गरजेपेक्षा ते चार-पाच स्टॉप फिके किंवा गडद निघालेले असतात.

याचे कारण असे की, फिल्टरचा गडदपणा लिहिण्याच्या तीन पद्धती बाजारात एकाच वेळी चालू आहेत. पहिली स्टॉपची: एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, दोन म्हणजे पाव, तीन म्हणजे एक अष्टमांश. दुसरी गुणकाची: प्रकाश जितक्या पटींनी घटतो तोच आकडा, म्हणून तीन स्टॉपचा फिल्टर एनडी ८ आणि सहा स्टॉपचा एनडी ६४. तिसरी घनतेची, जी सिनेमाच्या चौकोनी फिल्टरांवर हमखास दिसते: दर स्टॉपला ०.३, म्हणजे तीन स्टॉपला ०.९ आणि सहा स्टॉपला १.८. हा ०.३ कोणी मनाने ठरवलेला नाही. घनता दहाच्या पायावरील लॉगरिदमने मोजली जाते आणि २ चा लॉगरिदम सुमारे ०.३०१ येतो.

आता ‘सहा नंबर’ म्हणजे नेमके काय? चित्रीकरणाच्या सेटवर वावरलेला सहायक दशांश चिन्ह गाळून ‘सहाचा द्या’ म्हणतो, तेव्हा त्याला ०.६, म्हणजे दोन स्टॉप हवे असतात. छायाचित्रणातून व्हिडिओकडे वळलेला ग्राहक तेच शब्द वापरून सहा स्टॉप मागत असतो. या दोन फिल्टरांतून येणाऱ्या प्रकाशात सोळा पटींचा फरक आहे. ‘आठ नंबर’ची गत याहून वाईट, कारण एनडी ८ म्हणजे तीनच स्टॉप आणि आठ स्टॉपचा फिल्टर म्हणजे एनडी २५६. म्हणून आमच्या नोंदवहीत मागणी फक्त स्टॉपमध्ये लिहिली जाते, आणि ग्राहकाने स्टॉपचा आकडा पक्का केल्याखेरीज आम्ही माल पाठवत नाही. यात एखाद्या दिवसाचा उशीर होतो हे मान्य आहे. पण चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी पाकीट उघडून चुकीचा फिल्टर हाती येण्यापेक्षा तो उशीर पुष्कळ बरा, असे आमचे ठाम मत आहे.

दोन फिल्टर एकावर एक चढवतानाही याच आकड्यांमुळे घोटाळा होतो. स्टॉपची बेरीज होते, घनतेचीही बेरीज होते, पण गुणकांचा मात्र गुणाकार होतो. एनडी ८ वर एनडी ६४ चढवला तर तो एनडी ७२ होत नाही, एनडी ५१२ होतो. तीन आणि सहा मिळून नऊ स्टॉप, असा हिशेब केला की चूक होण्याचा प्रश्नच उरत नाही.

किती स्टॉप लागतील, हे प्रकाशमापक हाताशी नसतानाही काढता येते. छायाचित्रकारांचा जुना नियम असा की, लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) एफ/१६ ठेवल्यास शटर स्पीड (एका फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ) साधारण आयएसओच्या (सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेच्या) आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद लागतो. व्हिडिओत शटर स्पीड आपल्याला मोकळेपणाने बदलता येत नाही. हालचाल डोळ्यांना सहज वाटावी म्हणून तो फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवतात, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमसाठी १/५०. शटर एक स्टॉप मंदावला, प्रकाश दुप्पट झाला, म्हणून अ‍ॅपर्चर एफ/२२ वर गेले. आता तुम्हाला एफ/२.८ वर चित्रीकरण करायचे असेल, तर बोटांवर मोजावे: २२ वरून १६, ११, ८, ५.६, ४ आणि २.८. प्रत्येक पाऊल एका स्टॉपचे; पावले सहा, म्हणून सहा स्टॉपचा फिल्टर. कॅमेरा लॉग प्रोफाइलमध्ये (उजेड-सावलीचे अधिक तपशील टिकवणाऱ्या रेकॉर्डिंगच्या पद्धतीत) आयएसओ ८०० च्या खाली उतरत नसेल, तर १०० वरून २००, ४०० आणि ८०० अशी आणखी तीन पावले चढतात आणि गरज नऊ स्टॉपवर जाते. अनेकांच्या हिशेबातून नेमके हे तीन स्टॉप निसटतात, म्हणून लॉगबद्दलचा प्रश्न आम्ही न चुकता विचारतो. सेकंदाला ५० फ्रेम घेत असाल तर एक स्टॉप वजा करावा, पांढऱ्या वाळूवर किंवा बर्फावर एक वाढवावा, आणि आकाश ढगाळलेले असल्यास दोन-तीन कमी करावेत.

फिल्टर न लावता शटर १/२००० वर नेले तर काय बिघडते, असेही विचारले जाते. उजेड बरोबर मिळतो, पण प्रत्येक फ्रेम इतकी गोठलेली येते की चालणाऱ्या माणसाचे पाय आणि फिरणारे चाक तुटक दिसू लागते. अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत मिटवावे तर विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) चित्राची धार जाते, पार्श्वभूमी नको तितकी स्पष्ट होते आणि सेन्सरवर बसलेली धूळ निळ्या आकाशात करड्या ठिपक्यांसारखी उमटते.

आमची शिफारस साधी आहे: प्रथम तीन आणि सहा स्टॉपचे दोनच स्थिर (गडदपणा न बदलणारे) फिल्टर घ्यावेत. सहा-सहा फिल्टरांचे संच आम्हीही ठेवतो, परंतु त्यातले निम्मे पाकिटातच राहतात असा अनुभव आहे. दोन फिल्टरांतून तीन, सहा आणि नऊ स्टॉप मिळतात, आणि मधला फरक अ‍ॅपर्चर थोडे मागेपुढे करून भरता येतो. मात्र रुंद कोनाच्या लेन्सवर दोन फिल्टरांच्या कड्या चढवल्यास कोपरे काळवंडतात, त्यामुळे तशा लेन्सवर नेहमी लॉगमध्ये काम करणाऱ्याने एकच गडद फिल्टर घेतलेला चांगला.

व्हेरिएबल एनडीची मागणी अलीकडे सर्वांत जास्त असते आणि तो आम्ही आनंदाने विकतो, पण लेन्स कोणती ते विचारूनच. त्यात दोन पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या काचा) समोरासमोर असतात आणि एक फिरवला की उजेड घटत जातो. माणूस उन्हातून सावलीत चालत जाणार असेल, किंवा दर वेळी फिल्टर उतरवून चढवायला सवड नसेल, तर याच्याइतके सोयीचे साधन नाही. परंतु तो कितीही उघडा ठेवला तरी एक-दोन स्टॉप खातोच, आणि शेवटच्या टोकाला नेला की, विशेषतः रुंद लेन्सवर, चित्रभर फुलीच्या आकाराची काळी सावली पडते. हा फिल्टरचा दोष नसून त्याच्या रचनेची मर्यादा आहे, म्हणून कडीवर छापलेल्या खुणांच्या पलीकडे तो फिरवू नये. शिवाय तो पोलरायझर असल्यामुळे पाण्यावरची आणि काचेवरची चमक बदलते, आणि कॅमेरा आडवा फिरवताना निळ्या आकाशात एक गडद पट्टा सरकताना दिसतो.

सहा स्टॉपच्या पुढे गेल्यावर आणखी एक तक्रार येते: काळे जाकीट व्हिडिओत तपकिरी किंवा जांभळट दिसते. साधा एनडी दृश्य प्रकाश अडवतो, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण बऱ्याच प्रमाणात जाऊ देतो. फिल्टर जितका गडद, तितके सेन्सरवर त्या किरणांचे प्रमाण वाढते, आणि अवरक्त किरण परावर्तित करणारी काही काळी कापडे रंग बदलतात. व्हाइट बॅलन्सने (संपूर्ण चित्राचा रंगतोल बदलून) हे सुटत नाही, कारण शेजारचे दुसरे काळे कापड काळेच राहिलेले असते. यावर अवरक्त किरणही अडवणारा आयआर एनडी हाच उपाय आहे. गडद फिल्टर पाठवण्यापूर्वी आम्ही तो उन्हात काळ्या कापडाच्या तीन तुकड्यांसमोर धरून पाहतो. सुती, लोकरी आणि पॉलिएस्टर असे ते तुकडे आमच्या खिडकीशी कायम टांगलेले असतात.

मापाबद्दल थोडेसे. लेन्स ५० मिमीची आहे म्हणून फिल्टरही ५० मिमीचा, असे नसते. लेन्सच्या पुढच्या कडीवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला तिरकी रेघ मारलेल्या शून्याच्या चिन्हापुढे जो आकडा असतो, तो आट्यांचा व्यास होय आणि फिल्टर त्या मापाचा लागतो. तुमच्याकडे अनेक लेन्स असतील तर सर्वांत मोठ्या व्यासाचा फिल्टर घेऊन बाकीच्यांसाठी स्टेप-अप रिंग (लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या कड्या) घ्याव्यात. अशाने लेन्सचे हूड (आडवा उजेड अडवणारी पुढची झालर) बहुधा बसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मागणी नोंदवताना फ्रेम रेट, वापरायचे अ‍ॅपर्चर, सर्वांत कमी आयएसओ आणि आट्यांचा व्यास एवढे कळवावे. स्टॉपचा आकडा आम्ही काढून देऊ आणि तुमच्याकडून पक्का करून घेऊ. फिल्टर हाती आल्यावर तो लेन्सवर चढवण्याआधी उन्हात पांढऱ्या कागदावर धरावा आणि कडीवरचा आकडा पावतीवरील स्टॉपशी ताडून पाहावा. काही चुकलेले दिसल्यास त्याच दिवशी कळवावे. आटे कोरे आणि काचेवर बोटांचे ठसे नसतील, तर आम्ही तो कोणताही प्रश्न न विचारता बदलून देतो.