कल, प्रकार आणि अकरावीचा अर्ज

निकालाच्या दिवसांत दादर, ठाणे, बोरिवलीत ‘मुलाचे व्यक्तिमत्त्व ओळखा, करिअर निवडा’ अशा कार्यशाळांचे फलक लागतात. प्रश्नावली भरून मुलाला सोळांपैकी एका प्रकारात बसवायचे, त्या प्रकाराचे नाव चार अक्षरांचे, सोबत रंगीत अहवाल.

माणसाचा पिंड बघून काम ठरवायचे, ही कल्पना शाळकरी मुलांसाठी निघाली नव्हती. १९०८ साली बॉस्टनमध्ये सुरू झालेले मार्गदर्शन केंद्र रोजगाराच्या शोधातल्या तरुणांसाठी होते. अंतर्मुख-बहिर्मुख ही विभागणी १९२१ च्या एका ग्रंथातून आली. तिच्यावरून ही सोळा प्रकारांची प्रश्नावली केली ती अमेरिकेतल्या मायलेकींनी. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात पहिल्यांदाच कामावर निघालेल्या बायकांना मानवेल असे काम मिळावे, हा त्यामागचा हेतू. आज ही प्रश्नावली छापणारेच सांगतात की नोकरीसाठी उमेदवार निवडायला ती वापरू नये. काही आठवड्यांनी पुन्हा भरली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. फलकावर यातले काही नसते.

मुंबईला हे प्रकरण नवे नाही. १९४१ मध्येच इथे एक खासगी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र निघाले, १९४७ मध्ये पारशी समाजाच्या संस्थेने आपले केंद्र काढले आणि पुढे सरकारनेही त्यात हात घातला. १९७५ मध्ये नव्या, म्हणजे दहा अधिक दोन वर्षांच्या, आकृतिबंधातली पहिली दहावी झाली आणि शाखा निवडायची वेळ पंधराव्या-सोळाव्या वर्षावर येऊन ठेपली.

खरा वाद झाला तो २०१६ मध्ये. राज्य मंडळाच्या दहावीच्या सगळ्याच मुलांची, म्हणजे पंधरा लाखांहून जास्त जणांची, कल चाचणी घ्यायचे ठरले. सुरुवातीला शाळेतल्या संगणकावर, नंतर मोबाइलवर. अहवालात शेती, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रे असत. सरकारी शाळेतल्या मुलालाही फुकटात काही मार्गदर्शन मिळावे, ही भूमिका रास्तच होती. खासगी समुपदेशकाची फी प्रत्येक घराला परवडत नाही.

घोळ पुढे झाला. चाचणी आवड मोजत होती, घरोघर ती कुवत म्हणून वाचली गेली. ‘तांत्रिक’ आले म्हणजे पोराला गणित जमणार, असा अर्थ लावून लोक मोकळे झाले. अभिक्षमतेची, म्हणजे कुवत मोजणाऱ्या चाचणीची, जोड मागाहून मिळाली. शिवाय पंधराव्या वर्षीची आवड म्हणजे बरीचशी आजूबाजूला पाहिलेल्या गोष्टींची आवड. नायगावच्या पोलीस वसाहतीतल्या मुलाला गणवेश ओढ लावणारच. ज्याने प्रयोगशाळा पाहिलीच नाही त्याचा कल तिकडे दिसणार कसा? आणि परळच्या मुलीचा कल शेतीकडे निघाला तर कोकणातले कृषी विद्यापीठ दापोलीला. तिथवरची वाट अहवाल दाखवत नव्हता. अहवाल हातात ठेवून मुलाशी तासभर बोलणारे माणूस बहुतेक शाळांत नव्हतेच. माझ्या मते चाचणी घेण्यापेक्षा ही उणीव मोठी.

खरे तर व्यवसाय निवडीबद्दल १९५९ मध्ये मांडल्या गेलेल्या सहा प्रकारांच्या सिद्धान्तात याचे उत्तर होते. त्यात माणसाइतकाच कामाच्या वातावरणाचाही प्रकार धरलेला आहे आणि दोन्हींचा मेळ बघायचा असतो. फोर्टमध्ये रोज कोर्टात उभा राहणारा वकील आणि दिवसभर करारनामे तपासणारा वकील, पदवी एकच, पण दोघांचे दिवस अगदी वेगळे. शाखेच्या नावात हा फरक मावत नाही. आपल्याकडे मात्र सगळा भर मुलाला चिठ्ठी चिकटवण्यावर राहिला.

कोविडच्या साथीत वर्गच भरले नाहीत आणि चाचणीही मागे पडली. ती जागा खासगी बाजाराने भरून काढली. बोटांचे ठसे घेऊन कल सांगणारेही त्यात आहेत. त्याला शास्त्रीय आधार नाही, हे मानसोपचारतज्ज्ञांनी स्पष्ट केलेले असूनही पालक पैसे मोजतात.

मुंबईत अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन होत आहेत, २०२५ पासून ते राज्यभर तसेच झाले. अर्जात शाखा आणि कॉलेजांचे जास्तीत जास्त दहा पसंतीक्रम भरायचे असतात. त्यापुढे गुणवत्ता यादी आणि कटऑफ. कल चाचणी सुरू होती त्या वर्षांतही हे असेच होते. प्रवेशाच्या गणितात त्या अहवालाला गुण नव्हते.