लोमू लठ्ठ होता का?

१९९५ च्या रग्बी वर्ल्डकप सेमीफायनलला इंग्लंडविरुद्ध एकट्याने ४ ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) मारलेला न्यूझीलंडचा जोना लोमू. उंची १९६ सेमी, वजन ११९ किलोच्या आसपास, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३१, चार्टप्रमाणे चक्क लठ्ठ! आणि खेळायचा विंगवर, जिथे टीममधली सगळ्यात पळणारी पोरं असतात. बीएमआयला मसल आणि चरबी यातला फरकच कळत नाही. उलटं टोक आपल्या पुण्यात आहे, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे संशोधक युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३ पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनची ९.१, हे दोघांनी २००४ मध्ये स्वतःचेच फोटो देऊन लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापलं.

आता वेग कुठून येतो ते. इथे माझा लाडका जीन, एसीटीएन३. बसतो ११ नंबरच्या क्रोमोझोमवर (लोमूची जर्सीपण ११ नंबरची, अंकशास्त्रवाल्यांनी लगेच खूश होऊ नये, योगायोग आहे). मसलमधले ॲक्टिनचे धागे ज्या झेड-लाईनला बांधलेले असतात तिथली गाठ म्हणजे अल्फा-ॲक्टिनिन, आणि त्याचा ३ नंबरचा प्रकार हा जीन बनवतो, तोही फक्त फास्ट फायबरमध्ये (मसलचे झटकन आकसणारे तंतू). या प्रोटीनमध्ये अमिनो ॲसिड ९०१. काही लोकांत ५७७ व्या जागी डीएनएच्या सीजीए या तीन अक्षरांऐवजी टीजीए होतं, अक्षर एकच बदललं पण टीजीए म्हणजे स्टॉप, प्रोटीन तिथेच तुटतं आणि पेशी तो तुकडा ठेवत नाही. आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून हीच कॉपी आली तर ते प्रोटीन शून्य, आणि जगात साधारण पाचातला एक जण असा आहे! आजारी वगैरे नाही, २ नंबरचा अल्फा-ॲक्टिनिन जागा भरून काढतो. फक्त हा २ नंबर कॅल्सार्सिन नावाच्या प्रोटीनला जास्त घट्ट धरतो, त्यामुळे कॅल्सार्सिनने दाबून ठेवलेलं कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम मोकळं होतं आणि फास्ट फायबरचा कारभार हळूहळू ऑक्सिजनवर चालणाऱ्या स्लो फायबरसारखा व्हायला लागतो. हा जीन काढून टाकलेले उंदीर लांब पळतात, पण पकड कमी पडते.

ब्रिटनच्या रग्बीजीन प्रोजेक्टने एलिट खेळाडू तपासले तर एसीटीएन३ ची चालू कॉपी बॅक्समध्ये (मागे राहून पळणारे) फॉरवर्डपेक्षा (पुढे राहून भिडणारे) जास्त निघाली. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही टीमचे फॉरवर्ड एकमेकांना भिडतात तिथे, ढकलाढकली करणाऱ्याला वस्तुमान लागतं, विंगरला स्फोटक वेग, तेव्हा हे पटतंच. पण हा कल गटाचा आहे, एकेका माणसाचं भविष्य नाही. थुंकी पाठवा, पोराचा खेळ सांगतो म्हणणाऱ्या टेस्ट मला तरी पोपटवाल्या ज्योतिषाच्याच वाटतात, २०१५ मध्ये तज्ज्ञांच्या गटानेही टॅलेंट शोधायला त्या वापरू नका असंच सांगितलं.

एफटीओ हा लठ्ठपणाशी जोडलेला जीन आणखी मजेशीर. त्याची बारीकपणाकडे झुकणारी आवृत्ती बॅक्समधल्या सेंटर आणि मागच्या तिघांमध्ये (दोन विंगर आणि फुलबॅक) जास्त सापडली. फॉरवर्ड मात्र या बाबतीत साधारण पब्लिकसारखेच निघाले, म्हणजे त्यांचा तो अवाढव्य देह काही या "लठ्ठ जीन"ची कृपा नाही.