संशोधनाधारित विज्ञानकथा

संशोधनाधारित विज्ञानकथा : विज्ञानातले सिद्धांत, आकडे आणि निरीक्षणे कथानकाच्या मुळाशी ठेवून लिहिलेली कथा. यान किंवा यंत्रमानव आला की विज्ञानकथा झाली, हा समज चुकीचा आहे. अभ्यास करून लिहिणाऱ्याला विज्ञान आधी अडवते. अमुक घडू शकत नाही, असे ते बजावते आणि लेखकाला दुसरी वाट शोधावी लागते. कथा पटते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या वाटेमुळे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या ‘कॉन्टॅक्ट’ (१९८५) या कादंबरीचे. नायिकेला सुमारे २५ प्रकाशवर्षे दूर असलेल्या अभिजित ताऱ्याकडे पोचवायचे होते. मसुद्यात सेगन यांनी तिला कृष्णविवरातून, म्हणजे प्रकाशही बाहेर पडू न देणाऱ्या प्रचंड गुरुत्वाच्या वस्तूतून, नेले आणि हस्तलिखित आपले भौतिकशास्त्रज्ञ मित्र किप थॉर्न यांना वाचायला दिले. मुलीच्या पदवीदान समारंभाला गाडीने जाताना थॉर्न यांनी ते वाचले. कृष्णविवरात शिरलेले यान पलीकडे सुखरूप निघणे शक्य नाही, हे त्यांना माहीत होते. परतीच्या वाटेवर त्यांना सुचले : कृष्णविवराऐवजी वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा बोगदा, वापरला तर?

अडचण तिथेही होती. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये असा जोड गणिताने दाखवला होता. पण तो इतक्या झटकन मिटतो की प्रकाशालाही पार जाता येत नाही, हे १९६२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फुलर आणि व्हीलर यांनी सिद्ध केले. तो उघडा धरायचा तर काय लागेल? थॉर्न यांच्या गणितातून उत्तर आले : ऋण ऊर्जाघनता असलेले, म्हणजे ज्यातली ऊर्जा शून्याहूनही कमी भरते असे, विलक्षण द्रव्य. सेगन यांनी ही सूचना स्वीकारली. पुढे थॉर्न आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल मॉरिस यांचा यावरचा शोधनिबंध १९८८ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये आला आणि वर्महोल हा गंभीर अभ्यासाचा विषय झाला. कादंबरीकाराच्या अडचणीतून संशोधनाची एक शाखा फुटावी, ही विलक्षण गोष्ट आहे.

मराठीत ही परंपरा ठळकपणे उभी राहिली ती जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्यामुळे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपल्याच नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती, कारण आपल्या कीर्तीचे दडपण परीक्षकांवर नको होते. कथेला पहिले बक्षीस मिळाले.

त्यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेचा पाया मोबियसची पट्टी हा आहे. पारदर्शक कागदाच्या पट्टीचे एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्याला चिकटवले आणि तिच्यावरून डाव्या हाताची आकृती सरकवत नेली, तर एका फेरीनंतर ती उजव्या हाताची होऊन मूळ जागी येते. आपल्या त्रिमिती अवकाशालाच असा पीळ पडला तर? मग त्यातून फिरून आलेल्या मूर्तीची डावी सोंड उजवी होईल. घरोघरी डाव्या सोंडेचा गणपती बसतो आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक मानतात; त्यामुळे भूमितीतला हा अवघड मुद्दा मराठी वाचकाच्या थेट देव्हाऱ्यात येऊन बसतो. हाच धागा पुढे ताणून बघण्यासारखा आहे. प्रथिने घडवणाऱ्या रेणूंनाही डावे-उजवेपण असते, म्हणून आरशातल्यासारखे डावे-उजवे पूर्ण उलटलेल्या माणसाला रोजची भाजी-भाकरी अंगी लागणे कठीण. एक गृहीतक मान्य केले की त्याचे असे सगळे परिणाम भोगणे लेखकाला भाग आहे.

कधी विज्ञान पुरते हाती असूनही मागे ठेवले जाते. ‘इंटरस्टेलर’ (२०१४) चित्रपटातले कृष्णविवर थॉर्न यांच्या समीकरणांवरून संगणकाने रेखले. त्याभोवतीची तप्त वायूची तबकडी वेगाने फिरते, म्हणून आपल्याकडे येणारी बाजू जास्त उजळ दिसायला हवी. प्रेक्षक गोंधळतील म्हणून दिग्दर्शकाने हा फरक काढून टाकला. २०१९ मध्ये एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या कड्याची एक बाजू स्पष्टपणे जास्त उजळ आहे.