मॉंगूस
मुंगसाचे इंग्रजी नाव. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस छापून आला, असे सामान्यतः मानले जाते. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर याच्या १६९८ मधील प्रवासवर्णनात तो आढळतो. फ्रायर सुरत-मुंबई भागात वावरला होता आणि जुन्नरपर्यंत जाऊन आला होता. शब्द मराठीतून गेला, या मताला त्यामुळे थोडा आधार मिळतो.

व्युत्पत्तीबाबत मात्र एकमत नाही. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात (१८८६) शब्द तेलुगू ठरवला असून, ‘मंगूस’ हे रूप दख्खनी व मराठीत असल्याची प्राणिशास्त्रज्ञ जर्डनची नोंद केवळ जोडून दिली आहे. (बर्नेलची नोकरी मद्रास इलाख्यातली, हे इथे लक्षात घ्यावे.) पुढचे बहुतेक इंग्रजी कोश मराठीला मूळ मानतात. तेलुगू ‘मुंगिस’मध्ये दुसरे अक्षर इकारान्त आहे, इंग्रजीतला दीर्घ ऊकार मात्र ‘मंगूस’, ‘मुंगूस’ या रूपांशीच जुळतो. म्हणून शब्द इंग्रजीच्या हाती दिला तो मराठीने, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मराठीत तो कोठून आला, हा प्रश्न वेगळा. कन्नड-तेलुगूतील सजातीय रूपांमुळे मूळ द्राविडी असावे, असा अभ्यासकांचा कल आहे. प्राकृतातही ‘मंगुस’ आढळतो. तेव्हा ही उसनवारी बरीच जुनी असणार. संस्कृत ‘नकुल’ आणि हिंदी ‘नेवला’ यांचा या शब्दाशी संबंध नाही.

फ्रेंच ‘मांगूस्त’ हे रूप पोर्तुगीजांमार्फत गेले असावे.

शेवटच्या ‘गूस’चा हंसजातीच्या पक्ष्याशी काही संबंध नाही. वर्णलेखन त्या शब्दासारखे झाले, एवढेच. त्यामुळे अनेकवचन ‘मॉंगूसेस’. ‘मॉंगीस’ बहुधा थट्टेतच ऐकू येते.

शास्त्रीय नावांत या शब्दाचा प्रवास वेडावाकडा आहे. ‘मुंगोस’ ही प्रजाती आफ्रिकेतल्या पट्टेरी मुंगसाची. आपले करडे मुंगूस ‘हर्पेस्टेस’ या ग्रीक मुळाच्या नावाखाली येत असे; आता ते ‘उर्वा’ या प्रजातीत धरतात. ‘ऑफिओऱ्हायझा मुंगोस’ ही वनस्पती. तिचे मूळ खाऊन मुंगूस सापाचे विष उतरवते, या समजुतीवरून लिनीअसने हे नाव दिले (१७५३). मादागास्करातल्या एका लेमूरलाही (माकडांच्या दूरच्या नात्यातला प्राणी) ‘मॉंगोझ’ म्हणतात.

१८७२ मध्ये कलकत्त्याहून नेलेली नऊ मुंगसे जमैकात उसाच्या मळ्यांतील उंदरांवर सोडली गेली.