ऑप-ॲम्पमधली अचूकता स्वस्त कशी झाली

के प्रकारचा थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) तापमानाच्या एका अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. फेअरचाइल्डमध्ये डेव्ह फुलागर यांनी रचलेला आणि १९६८ साली बाजारात आलेला ७४१ हा ऑप-ॲम्प, म्हणजे बारीक व्होल्टेज वाढवणारी चिप, त्याला जोडला, तर साध्या श्रेणीतल्या या चिपचे इनपुट ऑफसेट (संकेत शून्य असतानाही इनपुटला असल्यासारखे भासणारे व्होल्टेज) ६ मिलिव्होल्टपर्यंत असू शकत असल्याने केवळ त्यामुळेच मापनात जवळजवळ दीडशे अंशांची चूक संभवते. ऑफसेट शून्यावर आणण्यासाठी १ आणि ५ या पिनांना १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून जुळवायचा रोध) जोडण्याची सोय होती. पण तापमान बदलले की ऑफसेट पुन्हा सरकत असे, आणि कारखान्यात प्रत्येक बोर्ड हाताने जुळवत बसावे लागे. चिपच्या कमी किमतीत ही मजुरी कुठेच दिसत नसे.

या अडचणीवर टिकाऊ उत्तर जॉर्ज एर्डी यांनी दिले. फेअरचाइल्डमध्ये १९६९ साली त्यांनी ७२५ हा अचूक ऑप-ॲम्प केला होता, मात्र तो स्थिर ठेवण्यासाठी बाहेरून घटक जोडावे लागत. पुढे प्रिसिजन मोनोलिथिक्स या कंपनीत त्यांनी ओपी-०७ घडवला, तो १९७५ सालचा. त्यात वेफरची (चिपा कापून काढण्याआधीच्या सिलिकॉनच्या चकतीची) चाचणी चालू असतानाच ऑफसेट मोजून, विद्युतप्रवाहाचा जोरदार झटका देऊन चिपमधले ठरावीक झेनर डायोड कायमचे शॉर्ट केले जात आणि त्यातून इनपुट टप्प्याच्या रोधांचा तोल साधला जाई. चाचणी तशीही करावीच लागत असल्याने जुळवणीचा वेगळा खर्च फारसा उरला नाही, आणि माझ्या मते स्वस्त अचूकतेचे खरे मूळ इथेच आहे.

दुसरी वाट चॉपरची, म्हणजे सर्किट चालू असतानाच ऑफसेट सतत आपोआप दुरुस्त करण्याची. आरसीएमध्ये एडविन गोल्डबर्ग यांनी १९४९ साली निर्वात नळ्यांच्या काळातच ती दाखवली होती. नंतर इंटरसिलच्या ७६५० चिपने ती सिलिकॉनमध्ये आणली, तरी दोन कपॅसिटर बाहेरच राहिले. आजच्या सीमॉस चिपांत तेही आत गेले आहेत: ओपीए ३३३ कमाल १० मायक्रोव्होल्ट ऑफसेटची हमी देतो आणि सुमारे १७ मायक्रोॲम्पिअर प्रवाहावर चालतो.

तरीही ओपी-०७ मागे पडलेला नाही, कारण ओपीए ३३३ ला ५.५ व्होल्टच्या वर चालवता येत नाही, तर ओपी-०७ अधिक-उणे १५ व्होल्टच्या जुन्या औद्योगिक सर्किटांत सहज बसतो. उलट एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याचे इनपुट आणि आउटपुट पुरवठ्याच्या दोन्ही टोकांपासून (० आणि ५ व्होल्टपासून) दूरच अडतात. शिवाय नावापुढच्या अक्षराने हमी बदलते: ई श्रेणीत २५ अंश तापमानाला कमाल ऑफसेट ७५ मायक्रोव्होल्ट असते आणि सी श्रेणीत १५०, म्हणजे वरच्या थर्मोकपलच्या हिशेबाने अनुक्रमे पावणेदोन अंशांहून थोडे अधिक आणि साडेतीन अंशांहून थोडे अधिक. डेटाशीटच्या पहिल्या पानावर ठळक छापलेला आकडा पुष्कळदा सर्वांत चांगल्या श्रेणीचा किंवा सरासरी नगाचा असतो, तर दुकानात स्वस्त मिळणारा नग सहसा सी श्रेणीचा.