नेम बसला असता तर

१५ फेब्रुवारी १९३३, मायामी. ठेंगणा जुझेप्पे झांगारा गर्दीत काही दिसेना म्हणून डगमगत्या खुर्चीवर चढला आणि रूझवेल्ट यांच्या दिशेनं पाच गोळ्या झाडल्या. रूझवेल्ट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले होते, शपथ बाकी होती. त्यांना खरचटलंही नाही. शिकागोचे महापौर अँटन सर्माक मात्र जखमी होऊन पुढे दगावले. फिलिप के. डिक यांनी १९६२च्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’ या कादंबरीत ती खुर्ची डगमगू दिली नाही. रूझवेल्ट गेले, अमेरिका खचली, जर्मनी-जपान जिंकले आणि दोघांनी अमेरिका वाटून घेतली.

कादंबरीत दोन लायटरांचा एक प्रसंग आहे. दिसायला दोन्ही सारखेच, पण त्यातला एक हत्येच्या वेळी रूझवेल्टच्या खिशात होता म्हणे. कोणता, ते हातात घेऊन सांगा! किंमत वस्तूची नाही, सोबतच्या कागदाची. डिकना इतिहासाबद्दल काय म्हणायचं होतं ते मला तरी याच दोन पानांत सापडलं. कथानकाची वळणं त्यांनी ‘ई चिंग’ या चिनी ग्रंथाचा कौल लावून ठरवली. १९६३मध्ये कादंबरीला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

पडद्यावर यायला मात्र अर्धशतक गेलं. २०१०मध्ये बीबीसीसाठी चार भागांची घोषणा झाली, पुढे सायफाय वाहिनीचं नाव आलं, पण दोन्हीकडे गाडी अडली. शेवटी अ‍ॅमेझॉननं जानेवारी २०१५मध्ये मालिकेचा पायलट, म्हणजे चाचणीचा पहिला भाग दाखवला. रिडली स्कॉट निर्मात्यांत, लेखन फ्रँक स्पॉटनिट्झ यांचं. २०१९पर्यंत चार सीझन, चाळीस भाग झाले. कादंबरीत लोक चोरून एक बंदी घातलेलं पुस्तक वाचतात, त्यात दोस्त राष्ट्रं जिंकलेली असतात. मालिकेत त्या पुस्तकाच्या जागी फिल्मची रिळं आली. पडद्यासाठी बदल अचूक आहे. नायिका ज्युलियाना अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर लावते आणि भिंतीवर वेगळंच जग हलायला लागतं. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसतेच, मी पडदे ओढून दोन सीझन संपवले. पुढे दुसऱ्या जगात जायचं यंत्रबिंत्र आलं, तिथे माझी गोडी कमी झाली.

मराठी वाचकाला हा खेळ नवा नाही. १४ जानेवारी १७६१ला विश्वासरावांना गोळी लागली. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये ती हुकते आणि मराठे जिंकतात. डिककडे नेम बसून इतिहास फिरतो, नारळीकरांकडे चुकून. अजूनही पोरगं नापास झालं की ‘पानिपत झालं’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

मालिकेतला जपानी व्यापारमंत्री टागोमी सगळ्यांत माणूसपणाचा. मलाही तो आवडतो, पण भैया चौकातल्या कोटणीस स्मारकावरून जाताना अडखळायला होतं. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, ते जपानशी लढणाऱ्या जखमी चिनी सैनिकांवर उपचार करायला. टागोमीच्या जगात ते हरलेल्या बाजूचे डॉक्टर ठरले असते. ९ डिसेंबर १९४२ला ते तिकडेच गेले, वयाच्या ३२व्या वर्षी. युद्ध कोण जिंकणार, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.