दोन ऑफिसं जोडणारा राउटर आज असा का आहे: थोडी पार्श्वभूमी

दोन छोटी ऑफिसं सुरक्षितपणे जोडायला कुठला राउटर घ्यावा असा विषय निघाला की गाडी लगेच एन्क्रिप्शनवर जाते, एईएस या कुलूपबंदीच्या पद्धतीत १२८ बिटांची किल्ली घ्या की २५६ ची घ्या वगैरे. पण बाजारातले बॉक्स असे का झाले हे शोधत गेलं तर एन्क्रिप्शनपेक्षा आयपी अॅड्रेसच्या (इंटरनेटवरच्या मशीनच्या पत्त्यांच्या) टंचाईचा वाटा मोठा निघतो, आणि ती टंचाई अजून मिटलेली नाही.

इंटरनेटच्या आधी लीज्ड लाइन किंवा फ्रेम रिले, म्हणजे टेलिफोन कंपनीची भाड्याची खासगी जोडणी, घ्यायचे, भाडं भरायचं आणि लाइन खासगी आहे म्हणून डेटा बहुतेक वेळा उघडाच पाठवायचा, राउटरला कुलूपकिल्लीचं काम फारसं नसायचंच. खरी गुंतागुंत पुढे सुरू झाली.

मे १९९४ मध्ये नॅटचा मसुदा आला, म्हणजे एका पब्लिक आयपीमागे अख्खं ऑफिस बसवायची युक्ती. ऑगस्ट १९९५ मध्ये आयपीसेकची, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी पॅकेटं (डेटाचे तुकडे) सुरक्षित करायच्या पद्धतीची, पहिली कागदपत्रं आली. दोन्हींमध्ये जेमतेम सव्वा वर्षाचं अंतर, आणि तरीही आयपीसेक बनवताना नॅट वाटेत असेल हे धरलंच नाही. त्याच १९९५ च्या डिसेंबरमध्ये आयपीव्ही६ चा, म्हणजे भरपूर पत्ते असलेल्या नव्या पद्धतीचा, पहिला मसुदाही आला होता, तेव्हा नॅट हा तात्पुरता ठिगळ आहे, प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता मिळेल आणि ठिगळ गळून पडेल असा त्या गोटात विश्वास होता. तत्त्व म्हणून त्यांचं चुकलं नव्हतं, पण त्याची किंमत छोट्या ऑफिसांनी दहा वर्षं मोजली असं माझं स्पष्ट मत आहे.

झालं काय की आयपीसेकचा एएच हा प्रकार पॅकेटवरच्या पाठवणाऱ्या-घेणाऱ्याच्या पत्त्यावरही शिक्का मारतो, आणि नॅटचं कामच पत्ता बदलणं, त्यामुळे शिक्का मोडतो आणि पलीकडचा राउटर पॅकेट फेकून देतो. दुसरा प्रकार ईएसपी, तो पत्त्याला हात लावत नाही पण त्याला पोर्ट नंबरच (पत्त्यासोबतचा जोडणीचा क्रमांक) नसतो, आणि नॅट तर पोर्ट बघूनच कुठलं पॅकेट आतल्या कुठल्या मशीनचं ते ठरवतं. म्हणून मग स्वस्त राउटरवर ‘व्हीपीएन पासथ्रू’ छापून यायला लागलं. हा राउटर स्वतः टनेल, म्हणजे व्हीपीएनची दोन टोकांमधली कुलूपबंद वाट, बांधत नाही, आतल्या मशीनने बांधलेला टनेल अडवत नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि तेही पुष्कळदा एका वेळी एकच. दोन ऑफिसांसाठी तो घेतला तर काहीच जुळत नाही, आणि हा घोळ आजही होतो! शेवटी जानेवारी २००५ मध्ये नॅट ट्रॅव्हर्सल प्रमाणित झालं, ईएसपीचं पॅकेट पोर्ट नंबर असलेल्या यूडीपी पॅकेटमध्ये (पोर्ट ४५००) गुंडाळून पाठवायचं, आणि वाट मोकळी झाली.

याच टंचाईची दुसरी जखम कमी लोकांना माहीत असते. शाखेला रोज बदलणारा आयपी मिळायचा. १९९८ च्या आयके, म्हणजे किल्ल्या ठरवण्याच्या प्रोटोकॉलमध्ये, मेन मोड या पद्धतीत प्री-शेअर्ड की (दोन्हीकडे आधीच ठरवलेला पासवर्ड) वापरायची तर समोरच्याला त्याच्या आयपीवरूनच ओळखावं लागायचं. आयपी बदलता असला की ते जमेना, म्हणून सर्रास अॅग्रेसिव्ह मोड लावला जायचा, आणि त्यात पासवर्डपासून बनलेला हॅश (त्याचा गणिती ठसा) उघड्यावर जातो, तो पकडून कोणीही निवांत घरी बसून पासवर्ड फोडत बसू शकतो. आयकेचं नवं व्हर्जन आयकेव्ही२ २००५ च्या शेवटी आला, छोट्या बॉक्सपर्यंत पोचायला त्याला बरीच वर्षं लागली, आणि जुनं व्हर्जन अधिकृतपणे निवृत्त झालं ते थेट एप्रिल २०२३ मध्ये. म्हणून जुना वापरलेला राउटर स्वस्तात मिळाला तरी आधी त्यात आयकेव्ही२ आहे का बघावं, नसेल तर तो घेऊच नये.

एन्क्रिप्शनचं म्हणाल तर १९९८ मध्ये डीईएस या जुन्या सायफरची (कुलूपबंदीच्या पद्धतीची) किल्ली खास बनवलेल्या मशीनने तीन दिवसांच्या आत फोडून दाखवली, २००१ मध्ये एईएस ठरला, आणि तो वाद तिथेच जवळपास मिटला. राहिला वेगाचा प्रश्न. खोक्यावरचा मोठा आकडा साध्या रूटिंगचा असतो, टनेलचा वेग त्याच्या कितीतरी खाली असू शकतो, कारण चिपमध्ये एईएसची वेगळी सोय नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो. मार्च २०२० मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नल ५.६ मध्ये वायरगार्ड हे टनेल बांधायचं नवं साधन आलं तेव्हा इथेच फरक पडला, त्याचं चाचा२० हे सायफर अशी सोय नसलेल्या साध्या चिपवरही चांगलं पळतं, सेटिंग थोडं, आणि एका बाजूला ठरलेला पत्ता असला की दुसरी बाजू कुठूनही येऊ शकते.

राउटरमध्ये शिरणाऱ्या व्हीपीएनफिल्टर या मालवेअरचं २०१८ चं प्रकरणही विसरू नये, निदान ५ लाख उपकरणं बाधित झाली, त्यात छोट्या ऑफिसांचे राउटर भरपूर. तेव्हापासून अपडेट किती वर्षं मिळणार हा प्रश्न मी वेगाच्याही आधी विचारायला सांगतो.

आणि पत्त्यांची टंचाई पुन्हा दारात आहेच. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा सेवादात्यांच्या स्वतःच्या नॅटसाठी राखून ठेवला गेला, म्हणजे आता राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या) बाजूलाही खरा पत्ता असेलच असं नाही. एका ऑफिसला पब्लिक आयपी असेल तर नॅट ट्रॅव्हर्सल किंवा वायरगार्डने काम भागतं. दोन्हीकडे नसेल तर कितीही महागडा बॉक्स आणा, थेट टनेलचा भरवसा नाही, मध्ये भाड्याचा छोटा सर्व्हर ठेवा, नाहीतर बॉक्सच्या कंपनीच्या क्लाउडवर विसंबा, किंवा दोन्हीकडे आयपीव्ही६ असेल आणि बॉक्स त्यावरून टनेल बांधत असेल तर ती वाट धरा. तेव्हा खरेदीआधी दोन्ही राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता वाचून घ्यावा, आणि आत दोन्हीकडे १९२.१६८.१.० हाच सबनेट (आतल्या पत्त्यांचा पट्टा) बसलेला असेल तर एका बाजूचा आधी बदलून घ्यावा, नाहीतर टनेल उभा राहूनही फाइल सर्व्हर सापडत नाही.